खांदा दुखतो? पट्टीपेक्षा व्यायामावर भरवसा ठेवा

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव सुभेदार तानाजी मालुसरे यांच्यामुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्यावर झुंजताना ढाल तुटली, तेव्हा त्यांनी आपल्या डाव्या हाताचीच ढाल केली, असे सभासदाच्या बखरीत सांगितले आहे. याच डोंगरपट्ट्यात आज राहणाऱ्या शेतकरी कुटुंबांचे सारे जीवनही हाताच्या बळावरच चालते. उतारावरची खाचरे, वरकस जमिनीवरची नाचणी-वरी, राबासाठी तोडायचा टाहळ, डोक्यावरून वाहायचे भारे, झोडणी, उपणणी, पाण्याचे हंडे, ही सर्व कामे हातांनीच करावी लागतात. घरातील तरुण नोकरीसाठी मुंबई-पुण्याकडे गेलेले. त्यामुळे मागे राहिलेल्या बाया आणि वयस्क माणसे यांच्यावरच कामाचा भार पडतो. अशा घरात एकाचा खांदा धरला तर त्या वर्षीची लावणीच अडते.

विस्तार कामासाठी गावोगाव फिरताना शेतकरी पिकाबरोबर स्वतःच्या दुखण्याबद्दलही विचारतात. प्रस्तुत लेखक डॉक्टर नव्हे. परंतु कोणत्या शेतकामाने कोणत्या अवयवावर ताण येतो हे पाहणे, हा कृषी विस्ताराचाच एक भाग आहे. अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. क्रिकेटपटू आणि कबड्डीपटू यांच्या खांद्यावर निळ्या, गुलाबी, काळ्या रंगाच्या चिकटपट्ट्या दिसतात. सणाला गावी येणारा मुलगा तशी पट्टी आईवडिलांसाठी घेऊन येतो. ती लावली म्हणजे खांदा बरा होतो का? थोडक्यात उत्तर असे, की पट्टीने झालाच तर चार दिवसांचा आधार होईल. खांदा कामाचा करायचा असेल तर व्यायामाला पर्याय नाही. याची कारणे समजून घेऊ.

खांद्याची रचना

मांडीचे हाड कमरेच्या खोल खोबणीत घट्ट बसलेले असते. खांद्याचे तसे नाही. येथे वाटी उथळ आणि तिच्यावर टेकलेला दंडाच्या हाडाचा गोळा मोठा. म्हणूनच हात वर, खाली, पुढे, मागे असा सगळीकडे फिरतो. पण याच कारणाने सांध्याला स्वतःची मजबुती कमी. मांडवाचा खांब जसा चारी बाजूंच्या तणाव्यांनी उभा राहतो, तसा हा गोळा चार लहान स्नायूंनी वाटीत धरून ठेवलेला असतो. स्नायूचे टोक जेथे हाडाला चिकटते, त्या दोरीसारख्या भागाला कंडरा म्हणतात. खांद्याच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ या कंडरांत असते. वयाच्या चाळिशीनंतर त्या झिजू लागतात. त्यात वर्षभर अंगमेहनत नाही आणि हंगामात एकदम पंधरा दिवस झोडणी, असे झाले की त्या दुखावतात.

दुखणे कोणते ते ओळखा

पहिला प्रकार कंडरा दुखावल्याचा. हात बाजूने वर नेताना कमरेपासून थोडा वर गेला की कळ येते आणि पूर्ण वर गेल्यावर कधी कधी कमीही होते. त्या कुशीवर झोपता येत नाही. वेणी घालताना, अंबाडा बांधताना, सदऱ्यात हात घालताना त्रास होतो. पण दुसऱ्याने हळूच हात उचलून दिला तर तो बराचसा वर जातो.

दुसरा प्रकार आखडलेल्या खांद्याचा. यास डॉक्टर फ्रोझन शोल्डर म्हणतात. येथे आपण उचला किंवा दुसऱ्याने उचलून द्या, हात वर जातच नाही. पाठीमागे तर मुळीच वळत नाही. हे दुखणे बहुधा ४० ते ६० या वयात होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि विशेषतः मधुमेह असलेल्यांत ते अधिक आढळते. म्हणून खांदा आखडला असेल तर रक्तातील साखर अवश्य तपासून घ्यावी. हे दुखणे सुटायला एक ते तीन वर्षेही लागतात, तेव्हा धीर सोडू नये.

तिसरा प्रकार मानेतून येणारा. कळ खांद्यावरून खाली कोपराच्या पुढे बोटांपर्यंत जाते, मुंग्या येतात आणि मान वळवली की वाढते. येथे उपचार मानेवर करावे लागतात.

येथे थांबू नका, दवाखाना गाठा

डाव्या खांद्यातील कळीबरोबर छातीत दडपण, घाम, धाप किंवा मळमळ असेल तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. तेल चोळत बसू नका. ताबडतोब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. झाडावरून किंवा बांधावरून पडल्यावर हात उचलत नसेल, खांद्याचा आकार बदलला असेल, सांधा लाल होऊन ताप आला असेल, हाताची पकड एकाएकी गेली असेल किंवा ठणका रात्रंदिवस टिकून वजन घटत असेल, तर व्यायाम आणि पट्टी दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक इशारा. दुखऱ्या खांद्यावर बिब्बा लावणे किंवा तापल्या सळईने डाग देणे हे प्रकार अजूनही कोठे कोठे चालतात. बिब्ब्याने कातडी भाजते, जखम चिघळते आणि कंडरेला काडीचाही उपयोग होत नाही. आखडलेला हात कोणाकडून ओढून, हिसका देऊन मोकळा करून घेणेही धोक्याचे आहे. झिजलेली कंडरा त्याने तुटू शकते.

पट्टी काय आहे?

ही ताणली जाणारी सुती पट्टी १९७० च्या दशकात जपानमधील केंझो कासे यांनी तयार केली. तिच्या एका बाजूस चिकट द्रव्य असते. ती कातडीवर तीन ते पाच दिवस ठेवतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अनेक खेळाडूंच्या अंगावर ती दिसली आणि तेथून जगभर तिचा बोलबाला झाला. कातडी किंचित उचलली जाते, रक्त खेळते, स्नायूला आधार मिळतो, असे तिच्याबद्दल सांगितले जाते.

एखादे नवे वाण आले की आपण शेजारी जुने वाण लावून पाहतो आणि मगच निर्णय घेतो. वैद्यकातही तसेच करतात. काही रुग्णांना खरी पट्टी आणि काहींना परिणाम होऊ नये अशी नुसती चिकटवलेली पट्टी लावून तुलना केली जाते. उपचारांच्या अशा चाचण्या पारखणाऱ्या कॉक्रेन या जागतिक संस्थेने २०२१ साली खांद्याच्या कंडरांच्या दुखण्यावरील २३ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत सुमारे एक हजार रुग्ण होते. खऱ्या पट्टीचा नुसत्या पट्टीपेक्षा किंवा इतर उपचारांपेक्षा निश्चित फायदा होतो, असे म्हणण्याजोगा पुरावा त्यांना आढळला नाही.

याचा अर्थ पट्टी लावणारा प्रत्येकजण फसला असा नव्हे. अंगाला पट्टी चिकटलेली असली की हात वेडावाकडा टाकताना तिची जाणीव होते, दोन-चार दिवस दुखणे सुसह्य वाटते आणि व्यायाम करायला धीर येतो, असा काहींचा अनुभव असतो. केळीचा घड जड झाला की आपण टेकू देतो. टेकूने झाड पडायचे वाचते, पण त्याने मुळे काही घट्ट होत नाहीत. पट्टीचे असेच समजावे.

पट्टी लावायचीच असेल तर पुढील काळजी घ्यावी. प्रथम बोटभर तुकडा दंडावर चिकटवून एक दिवस वाट पाहावी. खाज किंवा पुरळ आल्यास लावू नये. कातडी कोरडी व तेलविरहित असावी. जखमेवर, गळवावर लावू नये. जोराने ताणून चिकटवू नये, कारण त्याने फोड येतात. काढताना तेल लावून सावकाश सोडवावी. आपल्याकडील पावसाळी दमट हवेत आणि चिखलणीच्या घामात ती फार दिवस टिकत नाही, हेही लक्षात घ्यावे. वायरीला गुंडाळण्याची किंवा खोकी बंद करण्याची चिकटपट्टी मात्र अंगाला कदापि लावू नये. तसेच हात आठवडेच्या आठवडे गळ्यात बांधून ठेवू नये. अशा विश्रांतीने सांधा आखडतो.

व्यायामाने काय होते?

कंडरेला रक्तपुरवठा कमी असतो. म्हणून ती सावकाश भरून येते. तिला बेताचा ताण रोज मिळाला तर तिचे धागे मजबूत होतात आणि भोवतालचे स्नायू सांधा नीट धरून ठेवतात. अजिबात ताण नसेल तर ती दुबळी होते आणि एकदम जादा ताण पडला तर दुखावते. रोपाला पाणी बेताने लागते, तसाच हा प्रकार.

व्यायामाने दुखणे बरे करण्याचे शास्त्र, म्हणजे फिजिओथेरपी, आपल्याला परके नाही. गिरणगावात आपल्याकडचे हजारो चाकरमानी राहिले. त्याच परळमधील के. ई. एम. रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने या शास्त्राचे शिक्षण सुरू झाले. त्या काळी पोलिओने मुलांचे हातपाय लुळे पडत, आणि त्यांना उभे करण्याची निकड होती. आज जिल्हा रुग्णालयांतून आणि महाडसारख्या शहरांतून असे तज्ज्ञ भेटतात.

पण उमरठच्या बाईने दर दोन दिवसांनी एस. टी. धरून महाडला किंवा शंभर किलोमीटरहून दूर अलिबागला कसे जावे? मजुरी बुडते, भाडे लागते, गुरांना पाहायला कोणी नसते. या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमधील एका मोठ्या चाचणीत सापडते. तेथे खांद्याच्या कंडरा दुखावलेल्या ७०८ रुग्णांवर ती झाली आणि २०२१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही रुग्णांना तज्ज्ञांनी सहा वेळांपर्यंत बोलावून व्यायाम करून घेतला. काहींना एकदाच, सुमारे तासभर बसवून दुखणे समजावले, व्यायाम शिकवले आणि घरी करायला सांगितले. वर्षभरानंतर दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच सुधारणा दिसली. काहींना खांद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शनही दिले होते. त्याने पहिले काही आठवडे थोडा आराम पडला, परंतु वर्षअखेर फरक उरला नाही. मधुमेह्यांना तर या इंजेक्शनाने काही दिवस साखर वाढते, हेही ध्यानात ठेवावे. हाड तासून कंडरेला जागा करून देणाऱ्या शस्त्रक्रियेचीही अशीच परीक्षा झाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती शस्त्रक्रिया आणि नुसतीच दुर्बिणीने केलेली पाहणी यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही.

म्हणजे गरीब शेतकऱ्याने एकदाच जावे, पण नीट शिकून यावे आणि घरी नेमाने करावे. वीस फेऱ्यांचा खर्च वाचतो आणि फायदा तेवढाच होतो. तज्ज्ञाला सांगावे, "आम्हाला पुन्हा येणे जमणार नाही, तेव्हा तीन महिन्यांचे सगळे आजच शिकवा." बरोबर घरातील एका शिकलेल्या मुलामुलीला न्यावे आणि व्यायाम वहीत लिहून घ्यावेत.

घरी करण्याचे सहा व्यायाम

झोका : ओट्यावर किंवा टेबलावर चांगला हात टेकून पुढे वाका. दुखरा हात सैल लोंबू द्या. अंग हलवून हात पुढे-मागे, आडवा आणि गोल असा प्रत्येकी दहा वेळा झुलवा. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने हा व्यायाम जगभर ओळखला जातो. आखडलेल्या खांद्याला हे फ्रोझन शोल्डर नाव त्यांनीच १९३४ साली दिले.

काठी : उताणे निजा. दोन्ही हातांत काठी आडवी धरा. चांगल्या हाताने जोर लावून दुखरा हात डोक्याकडे न्या, परत आणा. दहा वेळा.

भिंत चढणे : भिंतीकडे तोंड करून उभे राहा. दुखऱ्या हाताची बोटे मुंगीच्या चालीने वर न्या. जेथे हात अडेल तेथे कोळशाने रेघ मारा. दर आठवड्यास नवी रेघ मारावी.

फरे मागे ओढणे : ताठ बसून खांद्यामागची दोन्ही पसरट हाडे, म्हणजे फरे, एकमेकांजवळ आणा. पाच अंक मोजा आणि सोडा. दहा वेळा.

ट्यूब ओढणे : सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खांबाला कमरेच्या उंचीवर बांधा. कोपर काटकोनात वाकवून अंगाला टेकवा. मध्ये घडी घातलेला पंचा धरा, म्हणजे कोपर सुटणार नाही. ट्यूब प्रथम बाहेरच्या बाजूस आणि नंतर तोंड फिरवून पोटाच्या बाजूस ओढा. प्रत्येकी दहा वेळा, दोन आवर्तने. सोडताना सावकाश सोडा.

भिंतीवरचे जोर : भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकवा. कोपरे वाकवून छाती भिंतीकडे न्या, परत या. दहा वेळा.

पहिले दोन आठवडे पहिले चार व्यायाम सकाळ-संध्याकाळ करावेत. तिसऱ्या आठवड्यापासून ट्यूब आणि भिंतीवरचे जोर सुरू करावेत. सहाव्या आठवड्यानंतर हातात वजन घेऊन हात पुढून खांद्याइतका उचलावा. वजने विकत आणायला नकोत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. अर्ध्या लिटरच्या बाटलीने आरंभ करून हळूहळू लिटरवर जावे.

व्यायामाच्या वेळी थोडे दुखले तर भिऊ नये. मात्र रात्री झोप मोडली किंवा दुसऱ्या सकाळी दुखणे वाढलेले असेल, तर संख्या निम्मी करावी. आखडलेला खांदा फार ठणकत असेल तर पहिले तीनच व्यायाम, तेही हलक्या हाताने करावेत. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच आणि थोडे दिवसच घ्याव्यात. दुकानातून आणून महिनोन् महिने घेतल्यास पोट आणि मूत्रपिंड बिघडते.

कामाची पद्धतही बदला

दुखणे ज्या कामाने आले ते काम तसेच चालू राहिले तर व्यायाम अपुरा पडतो. कंबर ते छाती या उंचीत हात राहतील अशी कामे खांद्यास सोसतात. खांद्याच्या वर तासन् तास हात ठेवणे वाईट.

टाहळ तोडताना लांब दांड्याची आकडी वापरावी आणि दर अर्ध्या तासाने हात खाली सोडावेत. भारा किंवा पाटी एकट्याने जमिनीवरून डोक्यावर झटक्यात घेण्याने खांदा हमखास दुखावतो. भारा आधी कमरेइतक्या बांधावर ठेवून तेथून दोघांनी उचलावा. चार फेऱ्यांचे पाच भारे केले तर वेळ थोडा जातो, पण खांदा राहतो.

फवारणीचा १६ लिटरचा पंप भरला की नुसते पाणीच १६ किलो होते. दुखऱ्या खांद्याच्या माणसाने तो निम्मा भरावा, पट्ट्यांखाली गोणपाटाची जाड घडी घालावी आणि पंप ओट्यावर ठेवून पाठीवर घ्यावा. कापणीसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला दातेरी वैभव विळा वापरल्यास हिसके कमी बसतात. झोडणीत पेंढी डोक्यावरून फिरवून आपटावी लागते. त्याऐवजी पायाने चालवायचे मळणी यंत्र चार घरांनी मिळून घेतले तर खांद्याचे काम पाय करतात. आंबा उतरवताना विद्यापीठाचा नूतन झेला उपयोगी पडतो.

आरंभ केव्हा करावा?

कंडरा सुधारायला साधारण बारा आठवडे द्यावे लागतात. १५ मार्चला व्यायाम सुरू केला तर ७ जूनला, म्हणजे मृगाच्या तोंडावर, बरोबर बारा आठवडे भरतात. बियाणे आपण मृगाआधी तयार ठेवतो, तसाच खांदाही ठेवावा. पावसाळ्यात दुखणे उद्भवले तर थांबून राहू नये. सोसेल तेवढे व्यायाम त्याच दिवशी सुरू करावेत आणि जड कामे घरात वाटून घ्यावीत.

घरातील बाईने दुखणे अंगावर काढू नये आणि पुरुषांनी काढू देऊ नये. तिच्या व्यायामाची वीस मिनिटे ही कामचुकारी नव्हे, हे सासू-सासऱ्यांनी ध्यानात घ्यावे. त्या वेळात पाण्याचा हंडा दुसऱ्या कोणी आणला म्हणून बिघडत नाही. भिंतीवरील कोळशाच्या रेघा दर आठवड्याला पाहाव्यात. त्या वर सरकत असतील तर उपचार लागू पडत आहे असे समजावे. सहा आठवडे नेमाने करूनही रेघ जागची हलली नाही, तर वही घेऊन पुन्हा एकदा तज्ज्ञाकडे जावे.